बोंबील, बाबा आणि बारा तास

मांजराला डायबेटिस?

गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय, की आता मी उत्तराचे स्मॉल, मीडियम आणि लार्ज असे तीन साइझ तयारच ठेवलेत. स्मॉल : हो, होतो. मीडियम : हो, होतो, दिवसातून दोनदा इन्सुलिन द्यावं लागतं, आणि नाही, मांजर ओरबाडत नाही. लार्ज म्हणजे हा लेख.

आमच्या बोक्याचं नाव बोंबील. ट्रॉम्बे कोळीवाड्याच्या शेजारी राहणाऱ्या घरात बोक्याचं नाव दुसरं काय असणार! जेट्टीच्या रस्त्यावर सापडला तेव्हा तो खरंच सुक्या बोंबलासारखा होता. मी बारावीत होते. त्यानंतर मी मास कॉम केलं, दोन नोकऱ्या केल्या, सोडल्या, फ्रीलान्सर झाले. बोंबीलने करिअरमध्ये एकच गोष्ट केली, ती म्हणजे खाणं. नसबंदी झालेला, घराबाहेर न पडणारा बोका, आईच्या हातचा मासे-भात आणि वर तोंडी लावायला सुकं कॅट फूड. नाव बोंबील, बॉडी सुरमईची. वजन सात किलो!

आम्हाला तो गोंडस वाटायचा. लठ्ठ, वयस्क, नसबंदी झालेला बोका म्हणजे मांजरांमधल्या डायबेटिसचा अगदी टिपिकल गिऱ्हाईक असतो, हे आम्हाला नंतर कळलं.

बादलीतलं पाणी

सुरुवात पाण्यापासून झाली. मांजर तसं पाण्याच्या बाबतीत कंजूस. पण बोंबील बाथरूममधल्या बादलीवर पुढचे दोन पाय टेकवून लपालपा पाणी प्यायला लागला. लिटर बॉक्समधले ओले गोळे दुप्पट झाले. खाणं वाढलं आणि तरीही सात किलोंचे साडेपाच झाले. आई खूश. ‘बघ, डाएट न करता बारीक झाला!’

मग तो मागच्या पायांनी वेगळंच चालायला लागला. मांजरं टाच उचलून, बोटांवर चालतात. हा अख्खं पाऊल जमिनीला टेकवून चालायचा, सशासारखा. वय झालं, सांधे धरले असतील, असं घरगुती निदान झालं. पण सांध्यांचा काही संबंध नव्हता. वाढलेल्या साखरेने पायाच्या नसांवर परिणाम केला होता.

चेंबूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर ४१०. तरी त्यांनी लगेच डायबेटिसचा शिक्का मारला नाही. फंडा असा, की मांजराची साखर नुसत्या टेन्शननेही वाढते. आणि सायन-ट्रॉम्बे रोडवरून, रिक्षात, टोपलीत बसून, हॉर्न ऐकत आलेलं मांजर टेन्शनमध्ये नसेल तर कशात असेल! म्हणून फ्रुक्टोसामाइन नावाची टेस्ट करतात. ती मागच्या एक-दोन आठवड्यांतल्या साखरेचा अंदाज देते. माणसांच्या एचबीएवनसीची धाकटी बहीण समजा. तीही वाढलेली निघाली. लघवीतही साखर. केस क्लोज्ड.

आता खरा प्रश्न. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, ‘इन्सुलिन सुरू करू शकतो. काहीच केलं नाही, तर तो खंगत जाईल आणि एक दिवस फार वाईट अवस्थेत तुम्ही त्याला इथे घेऊन याल. तेव्हा मला त्याला झोपवण्याबद्दल बोलावं लागेल.’ मग त्यांनी पैशाचं विचारलं नाही. विचारलं ते हे, ‘सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी घरी कोण असतं?’

घरी येऊन आम्ही तिघं बसलो. आई म्हणाली, ‘म्हातारं झालंय गं ते. सुया टोचून हाल कशाला?’ तिचा त्याच्यावर सगळ्यात जास्त जीव, म्हणूनच तिला ते बघवणार नव्हतं. मी मनात हिशेब करत होते. फ्रीलान्सरचा महिना एक तारखेला सुरू होत नाही, चेक क्लीअर होतो तेव्हा सुरू होतो. त्यात इन्सुलिन, सिरिंज, स्ट्रिप्स, तपासण्या. शिवाय संध्याकाळचे प्रीमिअर, लाँच पार्ट्या, आउटस्टेशन असाइनमेंट, सगळ्यावर रोज सातचा भोंगा.

बाबांनी पेपर खाली ठेवला. ‘सकाळी सात आणि संध्याकाळी सात. तू नसलीस तर मी आहे घरी.’ मीटिंग संपली.

लाल टोपी, केशरी टोपी

बाबांबद्दल सांगायला हवं. त्यांनी आयुष्यभर माहुलला रिफायनरीत शिफ्ट ड्युटी केली. दर तासाला रीडिंग घ्यायचं, लॉगबुकात लिहायचं, पुढच्या शिफ्टच्या माणसाला समजावून घरी यायचं. आणि ते स्वतः पंधरा वर्षांचे डायबेटिक आहेत. दोन वेळा इन्सुलिन घेतात. म्हणजे आमच्या फ्रिजमध्ये एक वायल आधीपासून होतीच. आता दुसरी आली.

याच ठिकाणी तुम्ही जरा सावध होऊन वाचा. भारतात इन्सुलिन मुख्यतः दोन स्ट्रेंथमध्ये मिळतं. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. दोघांच्या सिरिंज वेगळ्या. ४०वालीची टोपी लाल, १००वालीची केशरी. बाबांचं इन्सुलिन ४०चं, दुधाळ दिसणारं. बोंबीलला लिहून दिलेलं ग्लार्जिन १००चं, पाण्यासारखं स्वच्छ. डोस, एक युनिट.

आम्ही नेहमीच्या केमिस्टकडे गेलो. त्याने बोंबीलची वायल दिली आणि बाबांच्या सवयीच्या लाल टोपीच्या सिरिंज बरोबर बांधल्या. दुकानाच्या पायरीवर बाबांनी पुडी उघडून बघितली आणि तिथूनच मागे वळले. ‘केशरी द्या.’

यात एवढं काय, असं वाटेल. हिशेब करा. लाल टोपीच्या सिरिंजवरची एकची रेघ म्हणजे मिलिलिटरचा चाळिसावा भाग. त्यात १००वालं इन्सुलिन भरलं, तर एक युनिट समजून अडीच युनिट जातं. ऐंशी किलोच्या माणसाचं कदाचित निभावेल. साडेपाच किलोच्या बोक्याचं निभावणार नाही.

त्या संध्याकाळी फ्रिजची वाटणी झाली. वरच्या कप्प्यात बाबा, दारातल्या डब्यात बोंबील. डब्यात वायल आणि केशरी टोप्या एकत्र. डब्यावर मार्करने मांजराचं तोंड. ते आईने काढलंय. घुबडासारखं दिसतं, पण चुकायचा चान्स नाही.

फ्रिजवर आमच्या घराचा तसाही पूर्ण भरवसा नाही. १२ ऑक्टोबर २०२० हा दिवस मुंबईकरांना आठवत असेल. सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची वीज गेली होती. टाटांचं वीज केंद्र आमच्या दारात, पण आमचाही पंखा बंद. बाबांनी तेव्हा त्यांची वायल प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवली होती. तो माठ आता दोघांसाठी स्टँडबाय आहे.

‘माणसाचं औषध मांजराला चालतं?’ शेजारच्या काकूंचा प्रश्न. खरं तर गोष्ट उलटी आहे. १९२१ मध्ये टोरँटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिनचे प्रयोग केले ते कुत्र्यांवर. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन मिळालं. पुढे कित्येक दशकं माणसांचं इन्सुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडापासून बनत होतं. मांजराचं इन्सुलिन तर गाईच्या इन्सुलिनपेक्षा फक्त एका ॲमिनो ॲसिडने वेगळं आहे. जनावरांनी आपल्याला दिलेलं उधार आपण थोडंसं परत करतोय, इतकंच!

मासे हो, भात नो

डॉक्टरांची पहिली कुऱ्हाड भातावर पडली. मांजर पक्कं मांसाहारी. त्याच्या शरीराला भात, मैदा, बिस्किट यांची गरजच नाही. सुक्या कॅट फूडमध्येही पिष्टमय पदार्थ बऱ्यापैकी असतात. त्यामुळे सुकं खाणं हळूहळू बंद आणि त्याऐवजी ओलं, जास्त प्रोटीनवालं कॅट फूड, सोबत थोडा उकडलेला मासा किंवा चिकन. नुसत्या माशांवर मात्र ठेवायचं नाही, सगळी पोषणद्रव्यं त्यातून मिळत नाहीत. खारवलेली सुकी मासळी तर नाहीच.

मासे घेताना मावशींनी चौकशी केली. ‘काय गो, मांजरीला पन डायबिटीस?’ मग बाबांकडे बघून हसल्या. ‘मंग बापाचा भात कवा बंद?’ बाबांनी मांदेलीकडे फार लक्षपूर्वक बघितलं.

इंजेक्शन हा प्रकार तुम्हाला वाटतो तितका भयंकर नाही. आधी ताटली पुढे ठेवायची. तो खातोय हे डोळ्यांनी बघायचं. खाल्लंच नाही, तर पूर्ण डोस द्यायचा नाही, डॉक्टरांना फोन करायचा. खाता खाता कुशीवरची कातडी चिमटीत वर उचलायची, तंबूसारखी. सुई तंबूच्या पायथ्याशी, सरळ. सुई केसासारखी बारीक असते. तीन सेकंदांत काम खल्लास. बोंबील मानही वर करत नाही. पहिल्या दिवशी फक्त माझेच हात थरथरत होते.

कधी कधी सुई कातडीतून आरपार जाते आणि औषध केसांवर सांडतं. किती आत गेलं, कळत नाही. अशा वेळी दुसरं इंजेक्शन द्यायचं नाही, हा नियम डॉक्टरांनी तीनदा सांगितला. एक डोस हुकला तर साखर बारा तास जास्त राहील. दोन डोस गेले तर बारा तास उरतीलच असं नाही.

एका रीडिंगवर व्हॉल्व्ह फिरवायचा नाही

या सगळ्यात अवघड गोष्ट सुई नाहीच. अवघड गोष्ट आहे आकडा.

साखर घरी तपासायची असते. कानाची कडा कोमट कापसाने शेकायची, बारीक टोचायचं, मोहरीएवढा थेंब स्ट्रिपला लावायचा. माणसांचं मशीन मांजराची साखर जरा कमीच दाखवतं, म्हणून नेहमी एकच मशीन वापरायचं आणि कुठलं वापरतोय ते डॉक्टरांना सांगायचं. घरचा आकडा क्लिनिकपेक्षा खरा, कारण त्यात सायन-ट्रॉम्बे रोड मिसळलेला नसतो.

पहिल्या आठवड्यात आकडे आले ३६०, ३८५, ३४०. माझा जीव वरखाली. एक युनिटाने काय होतंय? दीड करू? दोन करू? मी डेडलाइनवर जगणारी मुलगी. प्रॉब्लेम दिसला की सोडवायचा, आणि आजच सोडवायचा.

बाबांनी जुन्या रेघांच्या वहीत कॉलम आखले होते. तारीख, वेळ, किती खाल्लं, किती पाणी, साखर, डोस, सही. हो, सही! त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. ‘एका रीडिंगवर व्हॉल्व्ह फिरवायचा नसतो. ट्रेंड बघायचा.’

डॉक्टरांचं म्हणणंही अगदी हेच होतं. नवा डोस दिला की शरीराला निदान आठवडाभर वेळ द्यायचा. मग एक दिवस निवडून सकाळच्या डोसपासून संध्याकाळच्या डोसपर्यंत दर दोन तासांनी साखर बघायची. याला ग्लुकोज कर्व्ह म्हणतात. डोस ठरतो तो सगळ्यात वरच्या आकड्यावरून नाही, सगळ्यात खालच्या आकड्यावरून. आणि तो ठरवणार डॉक्टर, आपण नाही. साखर कायम १०० ठेवायची, असंही टार्गेट नसतं. दिवसभरात साधारण ८० ते ३०० मध्ये खेळली, पाणी-लघवी आटोक्यात आली, वजन स्थिरावलं, की डॉक्टर खूश. माणसाच्या लघवीत साखर उतरते ती साधारण १८०च्या पुढे. मांजराची मूत्रपिंडं २५०पर्यंत सांभाळून घेतात.

मला हे पचायला वेळ लागला. काळजी घेणं म्हणजे सतत काहीतरी करणं, अशी आपली समजूत असते. इथे काळजी घेणं म्हणजे तेच काम, त्याच वेळी, तेवढंच करणं. आणि हात शिवशिवत असताना काहीही न करणं.

पाच आठवड्यांत डोस डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन युनिटांवर गेला. बादलीवरचे पाय खाली आले. वजन थांबलं.

एक रात्र

चौथ्या महिन्यात एका रात्री साडेबाराला मी कॉपी पाठवत बसले होते. बोंबील हॉलमधून आला तो दारू प्यायल्यासारखा. दोन पावलं सरळ, तिसरं भलतीकडे. पाउचचा आवाज केला, तरी बघेना. मशीनवर आकडा ४८.

मी बाबांना हाक मारली. ते आले, बघितलं आणि म्हणाले, ‘हायपो आहे. मला माहितीये त्याला काय होतंय.’ त्यांना तो अनुभव आतून माहीत होता. तो फुटणारा घाम, ते थरथरणं. फ्रिजवर डॉक्टरांनी दिलेला कागद चिकटवलेला होताच. बोटाला मध लावून हिरड्यांवर चोळायचा. तोंडात ओतायचा नाही, श्वासनलिकेत जाऊ शकतो. गिळता आलं की खायला द्यायचं. फिट आली, तर वाट न बघता हॉस्पिटल.

आईने टोपली दाराशी आणून ठेवली. रिक्षा सायनच्या पुढे जात नाही, म्हणून तिने टॅक्सीवाल्या काकांनाही उठवून ठेवलं. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल आहे, महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्ट्सचं स्मॉल ॲनिमल हॉस्पिटल सुरू झालंय. पण ट्रॉम्बेच्या टोकावरून रात्री ते अंतर म्हणजे अंतरच.

पंधरा मिनिटांनी ७१. त्याने दोन घास खाल्ले. तासाभराने ११८. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, सकाळपर्यंत दर तासाला बघा आणि सकाळचा डोस मी भेटेपर्यंत देऊ नका. बाबांनी वही घेतली, लुंगी सावरली, खुर्ची ओढली आणि नाइट शिफ्ट लावली. आई झोपायला गेली नाही. सुया नको म्हणणारी आई पहाटे चार वाजता त्याच्या कानाला कापूस लावून शेकत होती.

सकाळी डॉक्टरांनी कारण सांगितलं, आणि ते चक्क चांगलं होतं. भात बंद, साखर आटोक्यात, त्यामुळे त्याचं दमलेलं स्वादुपिंड पुन्हा थोडं इन्सुलिन बनवायला लागलं होतं. कालपर्यंत बरोबर असलेले दोन युनिट आता जास्त होत होते. लवकर उपचार सुरू झाले आणि आहार सांभाळला, तर काही मांजरांचं इन्सुलिन पूर्णही सुटतं. म्हणूनच बरं वाटायला लागलं की वहीची गरज संपत नाही, उलट वाढते. डोस एकवर आला. आज दोन वर्षांनी तो अर्ध्या युनिटवर आहे. पूर्ण सुटेल का? डॉक्टर वचन देत नाहीत. आम्हीही मागत नाही.

तुमच्या घरी म्हातारं मांजर असेल तर...

पाणी जास्त पितंय, लघवी वाढलीये, खाऊनही वाळतंय, मागचे पाय सपाट टाकतंय, यातलं काहीही दिसलं तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. रक्त आणि लघवी तपासून घ्या.

गोळीबद्दल विचाराल, तर अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये मांजरांसाठी पहिली डायबेटिसची गोळी मंजूर झाली. पण ज्यांना आधी इन्सुलिन दिलंय, त्यांच्यासाठी ती नाही. म्हणजे बोंबील आउट. तुमच्या मांजराचं तुमचे डॉक्टर ठरवतील. माणसांची गोळी मात्र स्वतःच्या मनाने कधीही देऊ नका.

सिरिंज प्रत्येक वेळी नवी. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बरणीत, झाकण लावून. कचरा वेचणाऱ्या ताईंच्या हाताला त्या लागता कामा नयेत. मध घरात कायम हवा. आणि तुम्ही नसताना हे सगळं करू शकेल असा एक माणूस आधीच शिकवून ठेवा. मी मागच्या वर्षी चार दिवस गोव्याला असाइनमेंटवर गेले. रोज सात वाजून पाच मिनिटांनी व्हॉट्सॲपवर वहीच्या पानाचा फोटो यायचा, सहीसकट.

‘एका मांजरासाठी एवढं?’ हा प्रश्नही नेहमीचा. पूर्वी मी वाद घालायचे. आता म्हणते, दिवसातून दोनदा दहा मिनिटं. लोक याहून जास्त वेळ पार्किंग शोधतात.

गेल्या महिन्यात वही भरली, म्हणून मी नवी आणली. बाबांनी कॉलम आखले. नेहमीपेक्षा एक जास्त होता, वर नाव नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात आकडा दिसला. १८६. बोंबीलचा नव्हता. पंधरा वर्षांत बाबांनी स्वतःची साखर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कधी मोजली नव्हती. आईने वही वाचली, काही बोलली नाही. त्या दुपारी भाताचं पातेलं लहान झालं होतं.